खानापुरे सरांचं ‘कीप’

खानापुरे सरांच्या हाताखालून गेलेल्या माणसाला ‘कीप म्हणजे काय रे’ असं सहज म्हणूनसुद्धा विचारू नये. तो आज एसटीत कंडक्टर असो की पंचायत समितीत क्लार्क, हातातलं काम थांबवून तो उलट विचारतो, ‘कोणतं कीप?’ मग तुमची सुटका नसते. सरांनी आम्हाला इंग्रजीतली बाकीची क्रियापदंही शिकवली असणार, कारण आम्ही दहावी पास झालो. पण आठवतं ते हे एकच. किनवट तालुक्यातल्या जंगलात, इस्लापूरपासून आत गेलेल्या आमच्या निवासी शाळेत सत्तावीस वर्षं हा एकच माणूस इंग्रजी शिकवत होता आणि त्याचा एका क्रियापदावर जीव जडला होता. पोरं पाठीमागे त्यांना कीप सर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मन्मथ खानापुरे मूळचे उदगीरचे. घर लिंगायत व्यापाऱ्याचं, मोंढ्यात आडत दुकान, घरात निम्मी मराठी आणि निम्मी कानडी. तीन भाऊ गादीवर बसले आणि हे चौथे बी.एड. करून जंगलात आले. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. कुठल्याही संकटावर त्यांचं एकच औषध होतं, ‘होगली बिडु.’ म्हणजे जाऊ दे, सोड. वसतिगृहाचे पत्रे वाऱ्यानं उडाले, होगली बिडु. तांदळात किडे निघाले, होगली बिडु. पण वर्गात कोणी ‘कीप म्हणजे ठेवणे’ म्हणालं की मात्र सर सोडत नसत.

‘कुत्रं कीप केलं तं कुठं ठेवतूस? फळीवर?’

‘पाळतो, सर.’

‘वचन?’

‘तेबी पाळतो.’

‘अन् दुकान?’

‘चालवतो.’

‘मी तुला गप बस म्हणलो, तरी तू बोलूनच राहिलास. मग तू काय केलास?’

‘कीप टॉकिंग, सर.’

‘बस खाली.’

‘बोलूनच राहिलास’ हे त्यांचं फार लाडकं. पुस्तकात ‘बोलत राहणे’ छापलंय, ते पुण्याचं, त्यात जोर न्हाई, असं म्हणायचे. इंग्रजाला जे म्हणायचं होतं ते नेमकं आपल्या नांदेडकडच्या माणसाच्या तोंडात आहे, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. आमच्या घरी गोंडी. मराठी हीच माझी दुसरी भाषा. तरी तो अभिमान मलाही चिकटला. आपण बोलतो ती चूक नसते, हे मला पहिल्यांदा एका इंग्रजीच्या मास्तरानं सांगितलं.

दर सोमवारी प्रत्येकानं एक खरं वाक्य आणायचं, असा त्यांचा नेम होता. खरं म्हणजे पुस्तकाबाहेरचं, जगात कुठंतरी छापलेलं नाहीतर रंगवलेलं, आणि त्यात कीप पाहिजे. आता जंगलात इंग्रजी आणायचं कुठून? पण आणायचो. ट्रकच्या मागे ‘कीप डिस्टन्स’ असायचं. फवारणीच्या डब्यावर, खोकल्याच्या बाटलीवर लेकरांपासून लांब ठेवा असायचं. किनवटला जाऊन आलेला पोरगा आठवडाभर तोऱ्यात असायचा, कारण रेल्वेच्या एका डब्यात दोन-दोन वाक्यं सापडायची. सर ती वाक्यं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर उतरवत. पत्रिका कात्रीनं चार तुकड्यांत कापलेली, वर निळ्या पेनानं वाक्य, खाली लाल पेनानं कोणी आणलं आणि कुठं सापडलं. मग तो तुकडा अर्थाप्रमाणे बुटाच्या खोक्यात जायचा. पालक, शिक्षक, किराणावाले, सगळे लग्न उरकलं की पत्रिका सरांना आणून द्यायचे. एकदा मी साबणाच्या कागदावरचं म्हणून एक वाक्य मनानंच रचून नेलं. सरांनी वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, ‘आत्राम, साबण असं बोलत न्हाई.’ तेवढंच. मारलं असतं तर मी ते विसरलो असतो.

सगळ्यात गाजलेला तास वंशवेलीचा. दिवाळीच्या सुट्टीआधी तो दर वर्षी दहावीला व्हायचा आणि नववीची पोरं खिडकीत लोंबकळून ऐकायची. सर फळ्याच्या तळाला झाडाचं मूळ काढत. ते मूळ म्हणजे लॅटिन भाषेतला आजोबा, ‘कापेरे’, अर्थ धरणे. त्याच्या फांद्या कॅप्चर, कॅप्टिव्ह, ॲक्सेप्ट. शेंड्याला लाल खडूनं कीप. धरलं म्हणून ठेवलं, ठेवलं म्हणून सांभाळलं, सांभाळलं म्हणून टिकलं, असं ते एकेक फांदी चढत जायचे आणि सगळं कसं बरोबर जुळायचं. आमच्यातल्या कित्येकांना स्वतःच्या पणजोबाचं नाव सांगता आलं नसतं, पण कीपचा आजोबा सगळ्यांना तोंडपाठ होता.

ती वंशवेल चूक होती. सरांनी ती कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. जवळ एक छोटा शब्दकोश होता, त्यात शब्दांची कुळं नव्हती. दोन शब्द सारखे दिसले, अर्थ जवळचे वाटले, आणि एका पावसाळ्यात क्वार्टरमध्ये एकट्यानं बसून त्यांनी ते झाड जुळवलं. कुणाला दाखवून घ्यावं, विचारावं, तर चाळीस कोसांत इंग्रजीवर बोलणारं दुसरं माणूस नव्हतं.

म्हणजे सुरुवातीची चार वर्षं एक माणूस होतं. महानंदाबाई, सरांची पत्नी. त्या लातूरच्या, बारावी झालेल्या. लग्न होऊन जंगलातल्या त्या दोन खोल्यांत आल्या आणि सरांनी संध्याकाळी कंदिलाशी त्यांना इंग्रजी शिकवलं. पुढे त्या डी.एड.ला लातूरला गेल्या, तिथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या आणि तिथंच राहिल्या. मूलबाळ नव्हतं. भांडण झालं असतं तर कोणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं, पण भांडणही झालं नाही. शाळेचा शिपाई सांगायचा की सर दर उन्हाळ्यात बदलीचा अर्ज लिहितात आणि शाळा उघडली की फाडतात. दहावीला इंग्रजी कोण शिकवणार, हे कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. बाईंनीही जंगलात परत यायचं नाव काढलं नाही. आधी सर सणाला लातूरला जायचे, मग नुसती पत्रं गेली, मग तीही थांबली. हे सगळं आम्हाला ऐकून माहीत होतं. सरांच्या तोंडून बाईंचं नाव मी पुढेही कितीतरी वर्षं ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर सर नांदेडला आले आणि एका गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहिले. उदगीरला भाऊ या म्हणत होते, पण तिथं जायचं म्हणजे पुतण्यांच्या घरातला म्हातारा व्हायचं, ते त्यांना नको होतं. मी तोवर नांदेडच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागलो होतो. आठवड्यातून एकदा जायचो. खोलीत एक कॉट, पूजेचं सामान, स्टोव्ह आणि भिंतीला लागून एकावर एक रचलेली बुटांची खोकी. नवा भाडेकरू एवढे बूट घालतो कधी, असा घरमालकिणीला पहिले सहा महिने प्रश्न होता.

एकटं राहणाऱ्या माणसाच्या खोडी त्यांना हळूहळू लागत गेल्या. फोनवर बोलणं झालं की ते कधी आपण होऊन बंद करत नसत. समोरच्यानं बंद करेपर्यंत कानाला धरून बसायचे. घाईत मी विसरलो आणि फोन तसाच खिशात टाकला तर पाच मिनिटांनी खिशातून आवाज यायचा, ‘आत्राम, हायेस का?’ रविवारी ते गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचे. मी एकदा म्हणालो, ‘सर, घरी स्वयंपाक जमत नाही का? डबा लावून देऊ?’ तर म्हणाले, ‘जेवायला न्हाई रे जात. रांगेत बसलं की शेजारी कोणीतरी असतंच.’ जेवून झाल्यावर ते तासभर तिथं ताटं घासायचे आणि मगच घरी यायचे. हे ऐकूनही मी आठवड्यातून दोनदा जायला लागलो नाही, हे आपलं सांगून टाकतो.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजीचा एक मोठा, अनेक खंडांचा कोश आहे. कोणी उघडत नाही. सरांना तो दाखवावा असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. एका सकाळी घेऊन गेलो. त्यांनी आधी हात धुऊन यायला वेळ मागितला. मग ‘के’चा खंड काढला, पान सापडलं, आणि लेकराला गोष्टीचं पुस्तक मिळावं तसे ते वाचायला बसले. मी वर्गावरचे दोन तास घेऊन परत आलो तेव्हा खंड मिटलेला होता आणि सर खिडकीकडे बघत होते.

‘आत्राम, याला कुणीच न्हाई रे.’

‘कशाला, सर?’

‘कीपला. आजोबा न्हाई, चुलते न्हाई. जर्मन, डच, सगळ्या भावकीत शोधून बघितलंय लोकांनी, याचा सख्खा कुठं सापडत न्हाई. हजार वर्षांखाली एकदम इंग्रजीत उभा दिसतो. कुठून आला, कुणाला ठाव न्हाई.’ मग म्हणाले, ‘कापेरेचा अन् याचा काही संबंध न्हाई. मी जोडून दिलता.’

मी म्हणालो, होतं असं, त्यानं काय बिघडलं. आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली. या शब्दाच्या अगदी जुन्या अर्थांत ‘ठेवणे’ नव्हतंच ठळक. धरायला बघणं, लक्ष देणं, वाट बघणं, असले अर्थ होते. ‘वाट बघणं’ यावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. परत येताना ऑटोत मी त्यांचंच औषध त्यांना दिलं, होगली बिडु म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही.

‘सत्तावीस वर्गांना शिकवलंय मी ते,’ म्हणाले.

आता आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सरांनी माझ्याकडून मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकून तीन दिवस खपून एक निवेदन लिहिलं. ‘मी आपणांस इयत्ता दहावीत कीप या क्रियापदाची जी व्युत्पत्ती शिकवली ती निराधार आहे. कृपया आपापल्या वह्यांत दुरुस्ती करावी.’ त्यावर अंगठे आले, हात जोडलेले आले, एकानं गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवलं. एकानं ‘अभिनंदन सर’ लिहिलं. सरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मला बोलावलं.

‘कुणी वाचलं न्हाई.’

‘वाचलं असेल सर, लोकांना वेळ नसतो.’

‘वर्गात उभं राहून सांगितलेली चूक हाय. समोर जाऊन उभं राहूनच दुरुस्त करावी लागंल.’

मला वाटलं बोलून मोकळे होतील. पण त्यांनी खोकी उपसली. प्रत्येक तुकड्यावर लाल पेनात नावं होतीच. त्यावरून यादी केली आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी हा माणूस लोकांच्या घरी जाऊन ‘मी तुम्हाला चूक शिकवलं’ असं सांगत फिरायला लागला. आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीनं जायचे, एसटीनं जायचे, कोणाच्या मोटरसायकलवर मागे बसून पाड्यांपर्यंत जायचे. सुट्टी असली की मी सोबत असायचो.

लोक गोंधळायचे. सर पायऱ्या चढून घरी आलेत म्हणजे काहीतरी काम असणार, असं धरून कोणी पेन्शनचं विचारायचं, कोणी दवाखान्याचं. आमचा एक वर्गमित्र आता ठेकेदार आहे आणि गावचा सरपंच. आम्ही येणार म्हणून त्यानं ग्रामपंचायतीत खुर्च्या मांडल्या, माईक लावला आणि सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. भाषणात तो म्हणाला की मी आज जो आहे तो सरांच्या एका तासामुळे, आणि मग त्यानं हातवारे करून ती अख्खी वंशवेल म्हणून दाखवली, कापेरेपासून शेंड्यापर्यंत. एक फांदी चुकली नाही. टाळ्या पडल्या. सर शाल घेऊन माईकपुढे उभे राहिले. ‘बाळांनो, हे सगळं चूक आहे,’ म्हणाले. लोकांना तो मोठ्या माणसाचा विनय वाटला आणि आणखी जोरात टाळ्या पडल्या. परतीच्या गाडीत सर नारळ मांडीवर घेऊन बसले होते. मी हसू दाबत होतो आणि त्यांनी ते बघितलं. मग तेही हसले. ‘आता याच्याकडं दुसऱ्यांदा यावं लागंल,’ म्हणाले.

एकटीनंच मात्र ते सरळ ऐकून घेतलं. आमच्याच शाळेतली सुमन इस्लापूरच्या अलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. लसीकरणाचा दिवस होता, बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. सर दारात उभं राहून सांगू लागले. ती सिरिंज भरता भरता ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, ‘म्हंजे सर, त्याला माहेरच न्हाई.’

‘न्हाई.’

‘तरी घर सारं त्याच्यावर चालू हाय.’

‘हाव,’ सर म्हणाले.

‘आमच्या सासूचं असंच होतं बगा,’ ती म्हणाली आणि पुढच्या लेकराचा दंड धरला.

त्या संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर सरांनी यादी काढली. जवळजवळ सगळ्या नावांवर लाल रेघ होती. तळाशी एक नाव निळ्या पेनात होतं आणि ते मी आधी पाहिलं नव्हतं, कारण कागद तिथं दुमडलेला असायचा. महानंदा.

‘तिलाबी शिकवलं होतं,’ सर म्हणाले. ‘सगळ्यांच्या आधी. झाड पहिल्यांदा तिलाच दाखवलं.’

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतके महिने जंगलभर फिरून या एका नावापर्यंत यायचं धाडस गोळा करत होता. चूक दुरुस्त करायची होती हे खरंच. पण त्यांना त्या दारात जायला काहीतरी कारण लागत होतं, आणि एवढ्या वर्षांत हे एकच सापडलं होतं. ‘तू चल सोबत,’ ते म्हणाले. ‘मला एकट्याला बोलायचं सुचणार न्हाई.’

आम्ही लातूरला गेलो. बाई निवृत्त होऊन भावाच्या घराजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होत्या. फोन मीच केला होता. दार उघडून त्या सरांकडे बघत एवढंच म्हणाल्या, ‘चपला आत घ्या, कुत्री नेतात.’ ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, केस पांढरे आणि घट्ट बांधलेले. पाणी आलं, चहा आला. सर कपाकडे बघून बोलत होते आणि तू म्हणावं की तुम्ही, हे न ठरल्यामुळे ‘तब्येत बरी दिसते’, ‘खोल्या हवेशीर आहेत’ अशी कुणालाच उद्देशून नसलेली वाक्यं करत होते.

मग त्यांनी मान वर केली आणि समोरची भिंत बघितली. मीही बघितली. काचेच्या चौकटीत दसुती कापडावर भरतकाम केलेलं झाड होतं. तपकिरी दोऱ्याचं मूळ, हिरव्या फांद्या, प्रत्येक फांदीवर एक इंग्रजी शब्द, आणि शेंड्याला लाल रेशमात कीप. जंगलातल्या त्या क्वार्टरमध्ये, लग्नाच्या पहिल्या वर्षी भरलेलं.

सर उठून उभे राहिले. वर्गात राहायचे तसे, हात मागे बांधून.

‘एक चूक सांगायची होती.’

‘सांगा.’

त्यांनी सांगितलं. आजोबा नाही, फांद्या नाहीत, शब्दाचं कुणीच नाही. बाकी सगळ्यांना ते जुने अर्थही सांगायचे, लक्ष देणं, वाट बघणं. इथं ते त्यांनी गाळलं. माझ्या लक्षात आलं.

‘मला म्हाईत हाय,’ बाई म्हणाल्या.

सर बघतच राहिले. ‘कधीपासून?’

‘बारा वर्षं झाली असतील. प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. तिथं मोठा कोश होता. तुमची आठवण आली म्हणून उघडला.’

‘मग कळवलं न्हाई.’

‘काय कळवू? तेवढंच तं होतं तुमच्याजवळ.’

खालच्या घरात मिक्सर चालू होता तो थांबला, पुन्हा लागला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण जायला जागा नव्हती. सरांनी भिंतीकडे हात केला.

‘मग हे कशाला ठेवलं?’

‘चूक तुमची हाय,’ बाई म्हणाल्या. ‘टाके माझे हायेत.’

त्यावर सर खाली बसले. बाईंनी जेवायला वाढलं. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी. सरांना चटणी तिखट चालत नाही आताशा, हे मी सांगितलं, तर सर माझ्यावरच चिडले आणि दोनदा मागून घेतली. बोलणं शाळांचं झालं, गुडघ्यांचं झालं. निघताना बाई जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आल्या. आम्ही निम्मे उतरल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरांना म्हणाल्या, ‘पुढच्या वेळेला एकटे या.’

चाकूरला सर खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘एकटे या म्हणली.’

‘हो, सर.’

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा पुन्हा, ‘राहा म्हणली न्हाई. पण या म्हणली.’

‘हो.’

लोह्यापर्यंत हे तीन वेळा झालं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दर आठवड्याला ते येत्या सोमवारी लातूरला जाणार होते. एक सोमवार अमावास्या निघाली, एकदा ऊन फार होतं, एकदा गुडघा. नवा शर्ट शिवून आला, पांढराच. एकदा फोन आला, ‘आत्राम, तू येतूस का?’ मी म्हणालो, ‘सर, बाई एकटे या म्हणाल्यात.’ ‘हाव, तेच तर,’ म्हणाले. आयुष्यभर एकटा राहिलेला माणूस एकट्यानं लातूरला जाऊ शकत नव्हता. मला तेव्हा त्याचा थोडा रागही आला. शेवटी मीच दिवस ठरवला, बाईंना कळवलं आणि सरांना घेऊन नांदेडच्या स्टँडवर गेलो.

पुढं दोन महिन्यांनी सर वारले, झोपेतच. पुतण्यांनी उदगीरला नेलं आणि आमच्या बघण्यात नसलेल्या त्यांच्या रीतीप्रमाणे भस्म लावून, बसवून माती दिली. मी गेलो होतो. बाई आल्या होत्या. सगळं उरकल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. रडलेल्या दिसत नव्हत्या.

‘त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणलात, गाडीत बसवलं म्हणून,’ त्या म्हणाल्या. ‘मग आले का न्हाईत? मी अंधार पडेपर्यंत दार लावलं न्हाई.’

मी म्हणालो, ‘गाडी वाटेत बंद पडली होती. सर परत फिरले.’

त्यांनी मान हलवली. मानलं की नाही, कळलं नाही.

गाडी बंद पडली नव्हती. मी सरांना खिडकीची जागा बघून बसवलं, पिशवी वर ठेवू म्हणालो तर त्यांनी ती मांडीवरच घेतली. पाण्याची बाटली दिली. मग फाटकापाशी येऊन बाईंना फोन केला, बसवलं, तीनपर्यंत पोचतील. त्या म्हणाल्या, ‘वाटेत काही खाऊ नका म्हणावं, मी थांबते जेवायची.’ फोन खिशात ठेवून मी मागे बघितलं. लातूरची गाडी फलाटावरून मागे सरकून वळत होती आणि त्या खिडकीत कोणी बाई लेकरू घेऊन बसली होती. सर खाली होते. बाकावर, मांडीवर पिशवी, अंगात तो नवा शर्ट. त्यांनी मला बघितलं. हात थोडा वर केला आणि मला जा, जा अशी खूण केली. मला बाराचा तास होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो असतो, पुढची गाडी पकडून त्यांना दारापर्यंत सोडून खालूनच परत आलो असतो, निदान बाईंना फोन करून जेवून घ्या म्हणालो असतो. यातलं मी काहीही केलं नाही. नांदेडहून लातूरला दर तासाला गाडी आहे. मी कॉलेजला गेलो.